गाडी बंद होते, कळवीत मात्र कोणी नाही

डहाणूच्या किनाऱ्यावरील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचा हा प्रकल्प. त्याविषयी वर्षानुवर्षे वाद झडले, मच्छीमार बांधवांनी मोर्चे काढले, जानेवारी २०२४ मध्ये जनसुनावणीही झाली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्गही याच जिल्ह्यातून जातो आणि तिच्या मोजणीची, मोबदल्याची चर्चा गावोगावी झाली. हे प्रकल्प योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. सांगायचे ते एवढेच, की मोठी गोष्ट येताना सर्वांना कळते. लहान गोष्ट जाताना मात्र कोणाला चाहूलही लागत नाही. पाड्यांकडे जाणारी एस.टी.ची फेरी ही अशीच एक लहान गोष्ट आहे.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत या लहान गोष्टीचे मोल मोठे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार डहाणूची लोकसंख्या चार लाखांच्या वर, तर तलासरीची दीड लाखाच्या वर होती. तलासरीत दर दहा माणसांमागे नऊ आदिवासी आहेत. १९६० साली महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी झाली, तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्याची वाटणी होऊन तलासरीचा भाग महाराष्ट्राकडे आला. उंबरगाव आणि संजाण ही रेल्वेस्थानके मात्र गुजरातेत गेली. एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी रेल्वेसेवा डहाणू रोडपर्यंत आली खरी. परंतु उधवा, झरी किंवा सायवनच्या बाजूच्या माणसाला त्या स्थानकापर्यंत पोचायचे तर रस्त्यानेच आले पाहिजे. येथे गाव म्हणजे एक वस्ती नसते. डोंगरउतारावर विखुरलेल्या अनेक पाड्यांचे मिळून एक गाव होते. मुख्य रस्त्यावरील थांबा गाठण्यासाठीच पुष्कळांना मोठी पायपीट करावी लागते. त्या थांब्यावरही गाडी येणार नसेल, तर पायपीट दुप्पट होते.

फेरी नाहीशी कशी होते?

कोणतीही फेरी एका दिवसात बंद पडत नाही. आधी ती लोकांच्या दृष्टीआड होते. आडवळणाच्या थांब्यावर वेळापत्रक लावलेले क्वचितच आढळते. कित्येक ठिकाणी थांबा म्हणजे एखादे झाड किंवा दुकानाची ओटी. गाडीची वेळ तोंडोतोंडी कळते. अशा स्थितीत एखाद्या दिवशी गाडी आली नाही, तर ती आजच्यापुरती नादुरुस्त आहे की कायमची बंद झाली, हे थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला कळण्याचा मार्ग नसतो. तो दोन दिवस वाट पाहतो. तिसऱ्या दिवशी जीप, ईको किंवा मॅजिक धरतो. पुढे गाडी पुन्हा सुरू झाली तरी ती सुरू झाल्याचे त्याला कोणी सांगत नाही.

इकडे आगारात दुसरा हिशोब चालू असतो. एस.टी.च्या व्यवहारात 'भारमान' हा कळीचा शब्द आहे. गाडीची प्रवासी नेण्याची क्षमता किती आणि प्रत्यक्षात नेले किती, याचे ते प्रमाण. भारमान घसरले की फेरी तोट्याची ठरते आणि तोट्याची फेरी आधी कात्रीत सापडते. प्रवासी नाहीत म्हणून गाडी नाही, असे कागद सांगतो. गाडीचा भरवसा नाही म्हणून प्रवासी नाहीत, ही बाजू त्या कागदावर कोठेही उमटत नाही.

येथील जीवनक्रम लक्षात न घेतल्यास हा हिशोब आणखी चुकतो. भाताची कापणी आटोपली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, मासेमारीच्या बोटींवर कामाला जातात. त्यांतली पुष्कळशी होळीच्या सुमारास परततात. या मधल्या काळात मोजलेले भारमान म्हणजे घरी कोणी नसताना घेतलेली हजेरी होय. पावसाळ्यात, विशेषतः भातलावणीच्या दिवसांत, माणूस गावातच असतो आणि आजारपणही याच दिवसांत बळावते. गाडीची गरज तेव्हाच अधिक असते.

यात महामारीने आणि संपाने भर घातली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि राज्यभरातील एस.टी. थांबली. ती सावरते न सावरते तोच ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. महामारीपूर्वी महामंडळाकडे सुमारे १८ हजार गाड्या होत्या. त्यानंतर त्या संख्येत मोठी घट झाली. लांब पल्ल्याच्या गाड्या आधी सुरू झाल्या. राज्याच्या ग्रामीण भागातील कित्येक फेऱ्या आणि मुक्कामी गाड्या पूर्ववत झाल्याच नाहीत. त्या रद्द केल्याचे जाहीर झाले नाही. त्या फक्त परत आल्या नाहीत.

गाडीबरोबर काय जाते?

'जीप तर आहेच ना', असे शहरातील माणूस सहज म्हणतो. जीपवाला वाईट नसतो. अडीअडचणीला तोच धावून येतो. परंतु जीप भरल्याशिवाय निघत नाही, आणि शासनाने दिलेली एकही सवलत तिच्यात चालत नाही. इयत्ता पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो. इतर विद्यार्थ्यांना पासावर ६६.६७ टक्के सूट आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत, तर मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. सवलत हक्काने मिळाली, पण ती घ्यायची गाडीत बसल्यावर. गाडीच नसेल, तर कागदावरची सवलत जशीच्या तशी राहते आणि हातात काहीच येत नाही.

सर्वांत आधी झळ पोचते ती शाळकरी मुलीला. भाऊ सायकलने किंवा कोणाच्या दुचाकीवर बसून जाईल. तिला एकटीला गच्च भरलेल्या जीपमध्ये पाठवायला आईवडील धजत नाहीत. दहावीनंतरचे तिचे शिक्षण अशा वेळी कोणाच्याही निर्णयाशिवाय थांबते. त्यानंतर येतो कासा किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात, अथवा सीमेपलीकडे सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात नियमित औषधाला जाणारा रुग्ण. त्याला दर खेपेस गाडीभाड्याचा विचार करावा लागतो, आणि मग एखादी खेप चुकते.

कायदा काय सांगतो?

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. महामंडळ कित्येक वर्षे तोट्यात आहे. जुन्या गाड्या, चालक-वाहकांचा तुटवडा आणि खड्ड्यांचे रस्ते हे आगारातील कर्मचाऱ्यांचे रोजचे भोग आहेत. ज्या १९५० च्या कायद्याखाली महामंडळ चालते, त्याचे कलम २२ म्हणते की कारभार व्यावसायिक तत्त्वावर चालावा. परंतु त्याच कायद्याचे कलम १८ पुरेशी, कार्यक्षम आणि सुसूत्र वाहतूक पुरविणे हे महामंडळाचे कर्तव्य ठरविते. या दोहोंचा मेळ घालणे अवघड आहे. म्हणूनच तो बंद दाराआड घातला जाऊ नये.

एखादी फेरी खरोखरच चालविणे अशक्य होईल. परंतु ते लोकांना न सांगण्याला तोट्याचे कारण पुरत नाही. सूचना फलकाला किती खर्च येतो? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार जनतेवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करणे आणि ज्यांना झळ पोचते त्यांना कारणे देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. त्यासाठी कोणी अर्ज करण्याचीही गरज नाही. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात बससेवा खाजगी कंपन्यांकडे गेली. तरीही लंडनबाहेरच्या इंग्लंडमध्ये नोंदणीकृत मार्ग बंद करायचा तर कंपनीला सर्वसाधारणपणे किमान ४२ दिवस आधी रीतसर सूचना द्यावी लागते. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीवर जे बंधन आहे, ते 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद मिरविणाऱ्या आपल्या एस.टी.ला जड का वाटावे?

वसईकर वाचकांना स्वतःचा अनुभव आठवत असेल. महापालिकेची परिवहन सेवा सुरू झाल्यानंतर वसईतील शहरी मार्गांवरून एस.टी.ने अंग काढून घेण्याचे ठरविले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. वसईकरांना हे करता आले, कारण त्यांना निर्णय वेळीच कळला. वर्तमानपत्रे, संघटना आणि वकील हाताशी होते. तलासरीच्या पाड्यावरील माणूस कमी जागरूक नाही. १९४५ साली याच मुलखातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव करून साऱ्या देशाचे लक्ष वेधले होते. पण जो निर्णय कळतच नाही, त्याविरुद्ध उठावे तरी कसे?

करता येण्यासारखे

उपाय साधे आहेत. प्रत्येक फेरीची वेळ ग्रामपंचायत, शाळा आणि आरोग्य केंद्र यांच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवावी. फेरी बंद करण्यापूर्वी किमान एक महिना आधी कारणांसह लेखी सूचना ग्रामसभेला द्यावी. भारमान पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात असे दोनदा मोजावे, आणि पासधारक मुलींची गणना त्यात वेगळी दाखवावी. मोठी गाडी परवडत नसेल तर लहान गाडीचा विचार व्हावा. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेला विशेष स्थान दिले आहे. तिने ठराव करून आगार व्यवस्थापकांकडे आणि विभाग नियंत्रकांकडे पाठविला, तर त्याला उत्तर द्यावे लागेल.

काही काम आपल्याही हाती आहे. या भागातील धर्मग्रामांनी, शाळांनी आणि वसतिगृहांनी आपल्या परिसरातील फेऱ्यांच्या वेळा गोळा करून सूचना फलकावर लावाव्यात. कोणती गाडी कोणत्या दिवशी आली नाही, याची तारीखवार नोंद एखाद्या शिक्षकाने वहीत ठेवावी. आगाराच्या कागदापुढे मांडायला लोकांचा कागद हवा.

याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शिक्षणाचे काम केले. मूल शाळेत येत नाही, तेव्हा त्यांनी मुलाला दोष दिला नाही. शाळा त्याच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. थांब्यावर प्रवासी दिसत नाहीत, तेव्हा आगारानेही तोच प्रश्न स्वतःला विचारावा: माणसे येत नाहीत, की आपली गाडी कधी येते हे आपण त्यांना कधी सांगितलेच नाही?