पोथ्या जपल्या, पत्रकांचे काय?

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले. पेशवाई बुडून तेव्हा अवघी बावीस वर्षे लोटली होती. जुन्या पोथ्या, हस्तलिखिते व दुर्मिळ ग्रंथ या संस्थेने सांभाळले, हे तिचे ऋण नाशिककरांनी मानलेच पाहिजे. परंतु पोथ्या म्हणजेच शहराचा इतिहास, ही सुशिक्षितांत रूढ झालेली समजूत तपासून घेणे अगत्याचे आहे.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांचे नेतृत्व आणि दादासाहेब गायकवाडांची संघटना यांच्या बळावर तो काही वर्षे चालला. खेड्यापाड्यांतून आलेल्या स्त्री-पुरुषांनी मार खाल्ला, तुरुंगवास पत्करला. त्यांतील कितीजणांची नावे आज कुणाला ठाऊक आहेत? बाबासाहेबांनी गायकवाडांना लिहिलेली पत्रे जपली गेली, म्हणून त्या लढ्याचे अंतरंग पुढच्या पिढ्यांना कळले. एका कार्यकर्त्याने कागद टाकून दिले नाहीत, एवढ्यावर इतिहास तरला!

राज्यकर्त्यांनी असा हलगर्जीपणा कधी केला नाही. १८८३ साली नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर छापून इंग्रज सरकारने जमीन, पीक, सारा, जाती, बाजार यांची बारीक नोंद करून ठेवली. पण ती नोंद सत्ताधाऱ्याच्या नजरेची. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांच्या हाती लेखणी नव्हती.

पत्रके आणि इतिवृत्ते म्हणजे रद्दी, त्यांना कपाटात जागा कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. ज्या पोथ्यांना आज ठेवा म्हणतात, त्याही कधीकाळी कुणाच्या तरी माळ्यावर धूळ खातच पडल्या होत्या. कुणीतरी जपल्या, म्हणून त्या मोलाच्या ठरल्या.

सरकार दोषी आहेच. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय-कराची तरतूद नाही; त्यामुळे वाचनालयांना अनुदानाच्या तोंडाकडे पाहत बसावे लागते. परंतु विडी कामगारांच्या लढ्यांची, १९५९ च्या भूमिहीन सत्याग्रहाची कागदपत्रे सांभाळण्यापासून चळवळीला कोणत्या सरकारने रोखले होते? भाषणे गाजवणाऱ्या चळवळी दप्तर ठेवण्यात कायम आळशी राहिल्या, हे कबूल केले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आता जुन्या साथींच्या घरच्या पेट्या उघडाव्यात, कागदांची यादी करावी, वृद्धांच्या आठवणी टिपून घ्याव्यात आणि हे सारे वाचनालयांच्या स्वाधीन करावे. वाचनालयांनीही ते कुलुपात न ठेवता सर्वांना खुले करावे. ‘सार्वजनिक’ हा शब्द पाटीवर आहेच. तो कपाटांतही दिसला पाहिजे.