गुलाबी पेन्सिल, जांभळी पेन्सिल

भांडण काढायचे तर दिवाळीसारखा मुहूर्त नाही. समोरच्याच्या तोंडात चकली असते, म्हणून त्याला चटकन उत्तर देता येत नाही. आणि तो पाहुणा असतो, म्हणून उठूनही जाता येत नाही. गेल्या वर्षी भाऊबीजेला आमच्याकडे फराळाला आलेल्या एका वयोवृद्ध डॉक्टरांना मी असाच गाठला. त्यांचे नाव सांगत नाही. मला अजून त्यांच्याकडून खोकल्याचे औषध घ्यायचे आहे.

मी मॅट्रिक झालेला माणूस. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि गेली बावीस वर्षे शाळेत मुलांना कुंडी, तांब्या आणि दोन सफरचंदे काढायला शिकवतो. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाने वैद्यकाच्या शिक्षणावर बोलावे हा आगाऊपणा आहे, हे मला कबूल आहे. पण विकृतिशास्त्र नावाचे शास्त्र माझ्या घरात दोन वाटांनी शिरले, आणि दोन्ही वेळा मला कोणी विचारून शिरले नाही.

पहिली वाट माझ्या भाचीची. शरयू वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आली की ती आपले जर्नल माझ्यापुढे टाकते आणि म्हणते, "मामा, एवढ्या सात आकृत्या रंगवून दे ना. तुझा हात चांगला आहे." मी पेन्सिली काढल्या आणि विचारले, "काय पाहून काढू?" तिने पिशवीतून दुसरे जर्नल काढले. ते पुढच्या वर्गातल्या मुलीचे होते. त्या मुलीने ते तिच्या पुढच्या मुलाच्या जर्नलावरून उतरवले होते. म्हणजे कोणे एके काळी कोणा पुण्यवंताने काचेखाली खरोखर काही पाहिले असेल, तेथून ही दिंडी निघाली ती माझ्या ओटीवर येऊन थांबली! केंद्रक जांभळे, भोवतालचे सगळे गुलाबी. दोन पेन्सिली झिजल्या की विद्या पुरी.

आमच्या ग्रेड परीक्षेत स्थिरचित्र असते आणि स्मरणचित्र असते. एकात समोर पाहून काढायचे, दुसऱ्यात पूर्वी पाहिलेले आठवून काढायचे. न पाहिलेले काढायचा कागद आम्ही अजून ठेवलेला नाही. तो मान वैद्यकाने घेतला आहे.

मी खोदून विचारले तेव्हा शरयूने सगळेच सांगून टाकले. वर्गातल्या एका सूक्ष्मदर्शकामागे मुलांची रांग लागते. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिट. सर विचारतात, "दिसले का?" मूल म्हणते, "दिसले सर." काय दिसले हे कोणी विचारत नाही, कारण मागचा ढकलत असतो. आणि परीक्षेत? "अरे मामा, कोपरा तुटलेली ती यकृताची, रंग उडालेली ती फुप्फुसाची. नुसती उजेडात धरली तरी ओळखू येते." एवढे सांगून ती हसली. मी हसलो नाही; त्याचे कारण पुढे येईल.

आता डॉक्टरसाहेबांचे म्हणणे. त्यांच्या कानावर आले होते की हल्ली काच सोडून संगणकाच्या पडद्यावर विकृतिशास्त्र शिकवतात. ते संतापले. "सिनेमा बघून कोणी डॉक्टर होतो का? काच हातात घेतली पाहिजे, चक्र फिरवून फिरवून डोळा बसला पाहिजे. खानोलकरांनी काय संगणक वापरला होता?"

डॉ. वसंत रामजी खानोलकरांचे नाव निघाले की आपण हात जोडावेत. १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेथल्या प्रयोगशाळांची धुरा या माणसाने वाहिली. पण खानोलकरांनी संगणक वापरला नाही, कारण तो नव्हता. विर्खोवने १८५८ साली बर्लिनमध्ये पेशींच्या विकृतीवर व्याख्याने दिली, तेव्हा सूक्ष्मदर्शक हीच वैद्यांच्या हातातली नवलाई होती. त्या वेळीही एखादा वयोवृद्ध वैद्य चकलीच्या जर्मन भावंडाचा तुकडा मोडत म्हणाला असेल, की नाडी सोडून काचेत काय बघता?

आणि सिनेमा म्हणजे तरी काय? तीन ते पाच मायक्रॉन जाडीचा काप रंगवून काचेवर ठेवतात. जांभळा रंग येतो तो हिमॅटॉक्सिलिनचा, जो मूळचा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून निघतो. गुलाबी तो इओसिनचा. स्कॅनर ही सबंध काच तुकड्यातुकड्याने टिपतो आणि तुकडे जोडतो. पाव मायक्रॉनला एक ठिपका धरला, तर दीड सेंटिमीटर लांब-रुंद कापाचे साठ हजार गुणिले साठ हजार, म्हणजे ३६० कोटी ठिपके होतात. मग आपण मोबाइलवर नकाशा पाहतो तसे पाहायचे: आधी जिल्हा, मग गाव, मग गल्ली, मग घराचे दार. शंभर मुले शंभर ठिकाणी बसून एकच काच पाहू शकतात. कोपरा तुटत नाही, रंग उडत नाही, रांग नाही. २०२० साली टाळेबंदीत महाविद्यालये बंद पडली, तेव्हा ज्यांच्याजवळ अशा काचा होत्या त्यांची मुले घरी बसून शिकली. ज्यांच्याजवळ नव्हत्या त्यांनी काय केले असेल? जर्नले उतरवली असतील.

डॉक्टरांचा एक मुद्दा मात्र मी मान्य केला आणि आजही करतो. पडद्यावरची काच बहुधा एकाच पातळीवर टिपलेली असते. सुईने काढलेल्या पेशी काचेवर एकमेकींवर चढून बसतात. तेथे चक्र मागेपुढे फिरवूनच वरचे-खालचे कळते. थर थर टिपता येतात, पण मग साठवणीचा डोंगर होतो. रक्तात हिवतापाचा जंतू शोधायचा तर तेलाची भिंगेही हाताळता आली पाहिजेत. शरयूला उद्या तालुक्याच्या गावी नेमणूक मिळाली, तर तेथे स्कॅनर नसेल, जुना सूक्ष्मदर्शकच असेल. तेव्हा चक्र फिरवायला शिकवाच. माझा वाद चक्राशी नाही, रांगेशी आहे.

मात्र पडद्याचे भाट गप्प बसले म्हणून त्यांना सोडणार नाही. यांच्या पुष्कळ काचांवर आधीच बाण मारलेला असतो. बाणाच्या टोकाशी रोगाचे नाव, खाली चार पर्याय, बरोबरवर टिचकी मारली की शाबासकी. हेही जर्नलच, फक्त पेन्सिल विजेची! २०१५ साली अमेरिकेत आयोवा विद्यापीठात कबुतरांना स्तनाच्या पेशीजालाची चित्रे दाखवून दाणे टाकायचा प्रयोग झाला. सुमारे पंधरा दिवसांत ती शंभरातली पंचाऐंशी चित्रे बरोबर ओळखू लागली, आणि न पाहिलेली नवी चित्रेही त्यांनी जवळजवळ तशीच ओळखली. पण क्ष-किरणाच्या चित्रातल्या गाठी दाखवल्या तेव्हा त्यांनी जुनी चित्रे तेवढी पाठ केली आणि नव्यांपुढे साफ आपटली. तुटक्या कोपऱ्यावरून यकृत ओळखणारी आमची मुले या दुसऱ्या परीक्षेतली कबुतरे आहेत.

आता दुसरी वाट. शरयूची आई, माझी थोरली बहीण. चार वर्षांपूर्वी तिच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. काखेतल्या गाठी तपासल्या आणि अहवाल आला: काही नाही. आम्ही पेढे वाटले. तिच्या धाकट्या दिराला मात्र चैन पडेना, म्हणून काचा आणि मेणाचे ठोकळे एका डब्यात घालून मी रात्रीच्या एस. टी.ने मुंबईला गेलो. सबंध रस्ता डबा मांडीवर होता. तेथल्या बाईंनी तीच काच लावली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला जोडभिंगातून दाखवले. गाठीच्या कडेला, अगदी टोकाशी, दोन मिलिमीटरहूनही लहान असा पेशींचा एक पुंजका होता. मोहरीएवढा. मला तो लगेच दिसला, कारण त्यांनी दाखवला होता. पहिल्याने त्या कडेपर्यंत काच सरकवली नसावी. तो मनुष्य वाईट नव्हता. त्याला मध्ये काय असते ते शिकवले होते, कडेला जायला कोणी शिकवले नव्हते. ताईचे उपचार बदलले. भाऊबीजेच्या त्या चकल्या तिनेच तळल्या होत्या.

असल्याच गाठींच्या काचांवर नेदरलँड्समध्ये स्पर्धा झाली आणि २०१७ साली तिचा निकाल छापून आला. ११ तज्ज्ञांना वेळेचे बंधन घालून १२९ काचा दिल्या. संगणकाची सर्वांत चांगली गणिते त्यांच्या पुढे गेली. वेळेचे बंधन नसलेला एक तज्ज्ञ मात्र गणितांच्या तोडीस तोड राहिला. लोक या बातमीतले संगणक तेवढे वाचतात. मी घड्याळ वाचतो. अर्धे मिनिट!

म्हणून माझे मागणे शिक्षकाचे आहे. सबंध काच द्या, बाण काढून टाका. मुलाला एक तास कडेपासून कडेपर्यंत फिरू द्या. त्याला काय दिसले ते त्याच्या हाताने काढू द्या, आणि मग बाण दाखवा. याला पैसे लागतात असे सांगू नका. उटा विद्यापीठाने विकृतिशास्त्राची चित्रे १९९४ पासून जगाला फुकट उघडी ठेवली आहेत. काचा उघडून मोजमाप करण्याची क्यूपाथ ही प्रणाली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातून निघाली, तीही फुकट. ज्यांनी पैसे खर्च केले त्यांची तऱ्हा तर आणखी न्यारी. एका महाविद्यालयात स्कॅनर आहे, असे शरयू सांगते. वातानुकूलित खोलीत, मखमली आच्छादनाखाली. तपासणीचे पथक येते त्या दिवशी आच्छादन निघते. किल्ली साहेबांकडे, आणि साहेब रजेवर.

डॉक्टरांनी हे सगळे ऐकून घेतले, दुसरी चकली घेतली आणि शरयूला म्हणाले, "तुझी ती पडद्यावरची काच आण पाहू." तिने संगणक मांडला आणि उटाची नव्हे, दुसरीच एक सबंध काच उघडली, नाव झाकलेले. डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवून बसले. वीस मिनिटे काही बोलले नाहीत. ताईने चहा आणून ठेवला, तो निवला. मी शेजारी बसून गुलाबी पेन्सिलीने ते बोटाने दाखवतील तेवढेच काढत होतो, आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "थांबा मास्तर, अजून ही डावी कड राहिली."