मुठा खोऱ्यातला खासदार

मुठे गावाचा विषय निघाला की माझ्या मावशीचा आवाज चढतो. "मुरलीअण्णा आपल्या खोऱ्यातला!" मी दरवेळी सांगतो, मावशे, मुरलीधर मोहोळ खासदार पुण्याचे. आपलं मुळशी भोर विधानसभेत, म्हणजे लोकसभेला बारामतीत. आपलं मत त्यांना पडतच नाही. तिला हा हिशेब कधीच पटलेला नाही.

तिचंही खरं आहे. याच मुठ्याच्या मामासाहेब मोहोळांच्या नावानं महाराष्ट्र केसरीची गदा दिली जाते. मुरलीधरही आधी तांबड्या मातीतले, कोल्हापूरच्या तालमीत घाम गाळलेले. मुळशीतली किती घरं अशीच पौड रस्त्यानं कोथरूडला उतरली आणि तिथलीच झाली.

मोहोळ चार वेळा नगरसेवक झाले, 2017 साली स्थायी समितीचे अध्यक्ष, नोव्हेंबर 2019 मध्ये महापौर. पुढच्या मार्चच्या 9 तारखेला राज्यातले पहिले करोना रुग्ण सापडले, तेही पुण्यातच. त्या दिवसांत माणसं मंत्र्याला नाही, नगरसेवकाला फोन करत होती. खाट मिळेल का, ऑक्सिजन कुठे आहे, अंत्यविधीचं काय. जुलैमध्ये महापौरांनाच लागण झाली. केंद्रातल्या मंत्रिपदापेक्षा मला त्यांची ती दोन वर्षं मोठी वाटतात. जून 2024 मध्ये ते 1 लाख 23 हजार मतांनी निवडून आले आणि लगेच सहकार आणि नागरी विमान वाहतूक खात्यांचे राज्यमंत्री झाले, तरीही.

पुण्याला ही वाट जुनी आहे. गिरीश बापट 1983 साली नगरसेवक झाले, मग पाच वेळा कसब्याचे आमदार, 2019 ला खासदार. वंदना चव्हाण महापौरपदानंतर राज्यसभेत गेल्या. मेधा कुलकर्णीही नगरसेवकपदापासूनच वर चढल्या. तुंबलेलं गटार आणि न आलेलं पाणी यांवरून शिव्या खाल्लेला माणूस दिल्लीत बसला, की त्याला खालचं कळतं असं मी मनापासून मानतो. म्हणूनच मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक न होता प्रशासक बसला, हे मला फार लागलं. मोहोळ खासदार झाले तेव्हा पुण्यात एकही नगरसेवक नव्हता. ज्या शाळेत ते शिकले, तिलाच तेव्हा कुलूप होतं.

मावशीला यातलं काही नको असतं. तिला पाणी हवं. टेमघरचं धरण आमच्या खोऱ्यात, मुठेचं पाणी खडकवासल्याला आणि तिथून पुण्याच्या नळांना जातं. मे महिन्यात मात्र तिच्या वाडीत हंडा अजून डोक्यावरच असतो. परवा तिनं माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. वर कुणाचं नाव घालू म्हणून विचारलं, तर म्हणाली, "अण्णाचं घाल. नदी काय मतदारसंघ बघून वाहते?"

मी घातलं.