विश्लेषण : २५ डिसेंबर कुणाचा? येशूचा, सूर्याचा की सेलचा?

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की मोबाइलवर दोन प्रकारचे मेसेज हमखास येतात. पहिला फॅमिली ग्रुपवरचा : 'येशूचा जन्म २५ डिसेंबरला झालाच नाही. हा रोमन लोकांचा सूर्याचा सण, चर्चनं ढापलेला. जागे व्हा, पुढे पाठवा.' दुसरा शॉपिंग अ‍ॅपचा : 'सांता आलाय! आज रात्री १२ पर्यंत ७० टक्के सूट.'

पहिल्या मेसेजवरून ग्रुपमध्ये भांडणं होतात. दुसऱ्यावरून कुणी भांडत नाही, गुपचूप अ‍ॅप उघडलं जातं. माझं मत असं, की नाताळावर टीका करायचीच असेल तर ती दुसऱ्या मेसेजवर करायला हवी. पण आधी पहिल्यात किती तथ्य आहे ते पाहू.

बायबलमध्ये तारीख आहे का?

नाही. येशूच्या जन्माची गोष्ट चारपैकी दोनच शुभवर्तमानांत येते, मत्तय आणि लूक. मार्क आणि योहान जन्मकथा सांगतच नाहीत. मत्तय आणि लूकही दिवस, महिना देत नाहीत. लूकच्या कथेत मेंढपाळ रात्री रानात कळप राखत बसलेले असतात. त्यावरून 'मग ही ऐन थंडीतली रात्र नसावी' असा तर्क अनेकांनी लढवलाय, पण तो तर्कच.

इ.स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटनं त्या काळी लोक मानत असलेल्या जन्मतारखांची नोंद केली आहे. त्यात २५ डिसेंबर नाही. ही तारीख स्पष्टपणे सापडते ती इ.स. ३५४ सालच्या एका रोमन पंचांगवजा संग्रहात. त्यातली संबंधित यादी ३३६च्या आसपासची असावी, असं अभ्यासक मानतात. म्हणजे येशूनंतर तीनशे वर्षांनी. तेव्हा 'तारीख नंतर ठरवली' हे फॉरवर्डमधलं म्हणणं बरोबर आहे, आणि चर्चचे अभ्यासकही ते नाकारत नाहीत.

मग सण चोरलेला आहे का?

इथे फॉरवर्ड घाई करतं. त्याच ३५४च्या संग्रहात २५ डिसेंबर हा 'अजिंक्य' देवाचा, म्हणजे सूर्याचा, जन्मदिवस म्हणूनही नोंदलेला आहे. सम्राट ऑरेलियननं इ.स. २७४मध्ये रोममध्ये या अजिंक्य सूर्याचं मंदिर उभारलं होतं. त्याआधी १७ ते २३ डिसेंबर या काळात रोमन लोक सॅटर्नेलिया साजरा करायचे : मेजवान्या, मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या बाहुल्यांच्या भेटी, मालकानं गुलामाला वाढणं, असा सगळा उलटापालटा मामला. साम्य आहेच.

पण सूर्याचा सण आधी आणि ख्रिस्तजन्म नंतर, हा क्रम पक्का सांगता येत नाही. दोन्ही नोंदी एकाच कागदात सापडतात. शिवाय दुसरं स्पष्टीकरणही तितकंच वजनदार आहे. येशूचा मृत्यू २५ मार्चला झाला, आणि ज्या तारखेला मृत्यू त्याच तारखेला गर्भधारणा, अशी पश्चिमेकडच्या ख्रिस्ती परंपरेत समजूत होती. संत ऑगस्टीननं ती लिहून ठेवली आहे. २५ मार्चमध्ये नऊ महिने मिळवा, उत्तर २५ डिसेंबर.

आणखी एक गंमत. आर्मेनियाचं चर्च आजही ख्रिस्तजन्म ६ जानेवारीला साजरा करतं. रशियात तो ७ जानेवारीला येतो, कारण तिथलं चर्च अजून जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळतं आणि त्याच्यात नि आपल्या कॅलेंडरमध्ये सध्या १३ दिवसांचा फरक आहे.

थंडीतला सगळ्यात लहान दिवस सरला की माणसं उजेडाचा सण करतात, याचं नवल वाटायला नको. रोमन परंपरेत हा दिवस २५ डिसेंबरला धरला जायचा. आपली मकर संक्रांत त्याच उत्तरायणाशी जोडलेली आहे आणि गणिताच्या फरकामुळे खऱ्या उत्तरायणापासून तीन आठवड्यांहून जास्त पुढे सरकली आहे. म्हणून कुणी संक्रांतीला 'खोटी' म्हणत नाही. सण असेच बनतात. जुन्यावर नवं चढतं, अर्थ बदलतो, तारीख राहते. कधी तारीख बदलते, अर्थ राहतो. मूळ शुद्ध असण्याची अट लावली तर कुणाच्याच कॅलेंडरवर लाल तारीख उरणार नाही.

नाताळावर पहिली बंदी कुणाची?

'पेगन सण' हा आरोप व्हॉट्सअ‍ॅपनं शोधलेला नाही. तो सगळ्यात जोरात केला तो कडव्या ख्रिस्ती लोकांनीच. १६४७ साली इंग्लंडमध्ये प्युरिटनांचा वरचष्मा असलेल्या संसदेनं नाताळ रद्द केला. कारणं दोन : बायबलमध्ये आधार नाही, आणि सणाच्या नावाखाली दारू, जुगार, दंगा फार. त्या वर्षी कँटरबरीत दुकानं उघडी ठेवायच्या सक्तीवरून दंगल उसळली. १६६०मध्ये राजेशाही परतली, सणही परतला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९पासून नाताळ साजरा केल्यास पाच शिलिंग दंड होता. तो १६८१मध्ये उठला. स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळायला १९५८ साल उजाडलं.

म्हणजे 'प्राचीन काळापासून घरोघर असाच साजरा होणारा नाताळ' ही कल्पना बरीचशी अलीकडची आहे. झाड, कार्ड, भेटी, सांता, कुटुंबाचं जेवण हा आज आपण पाहतो तो संच मुख्यतः एकोणिसाव्या शतकात जुळला. तोही कारखाने, रेल्वे, टपाल आणि मोठाली दुकानं यांच्या सोबतीनं.

सांताचा लाल कोट कुणी शिवला?

१८४३ हे साल लक्षात ठेवा. त्या डिसेंबरात लंडनमध्ये डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरोल' आलं, आणि त्याच वर्षी हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्यानं पहिलं छापील नाताळ कार्ड काढलं. किंमत एक शिलिंग, म्हणजे कामगाराच्या खिशाला न परवडणारी. कोल स्वस्त टपाल योजनेच्या कामातलाही माणूस होता. टपाल स्वस्त झालं, कार्ड पाठवणं सोपं झालं, आणि पाठवलं नाही तर वाईट दिसू लागलं. १८४८मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं आणि मूळची जर्मन प्रथा इंग्रज मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिरली.

सांताचं मूळ चौथ्या शतकातल्या संत निकोलसमध्ये आहे. तो आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. नेदरलँड्समध्ये तो 'सिंटरक्लास' झाला, अमेरिकेत 'सांता क्लॉज'. १८२३मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका वृत्तपत्रात छापलेल्या कवितेनं त्याला आठ रेनडिअर दिले. १८६३पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकारानं 'हार्पर्स वीकली'त त्याला पोट, दाढी आणि पुढे उत्तर ध्रुवावरचा पत्ता दिला.

इथे आणखी एक फॉरवर्ड दुरुस्त करू. 'सांताला लाल कपडे कोका-कोलानं घातले' हे खरं नाही, लाल सांता त्याआधीही होता. कोका-कोलानं १९३१पासून हॅडन संडब्लॉम या चित्रकाराकडून जाहिराती करून घेतल्या आणि एकच चेहरा जगभर पक्का केला. उन्हाळ्यातलं पेय थंडीत खपवायचं होतं. नववा रेनडिअर रुडॉल्फ तर थेट दुकानातच जन्मला. १९३९मध्ये शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड कंपनीनं गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला आपल्याच एका कर्मचाऱ्याकडून ही गोष्ट लिहून घेतली. पहिल्याच वर्षी सुमारे २४ लाख प्रती वाटल्या गेल्या.

त्याच १९३९मध्ये दुकानदारांच्या आग्रहावरून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 'थँक्सगिव्हिंग' चक्क एक आठवडा अलीकडे आणला, कारण नाताळची खरेदी त्यानंतर सुरू व्हायची. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही. अखेर १९४१मध्ये कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार नक्की केला गेला. रोमन सूर्याबद्दल वाद होऊ शकतो. सणाची तारीख सेलसाठी हलवल्याची ही नोंद मात्र सरकारदरबारी आहे.

श्रद्धेशिवायही सण चालतो?

उत्तम चालतो. जपानमध्ये ख्रिस्ती लोक सुमारे एक टक्का. २५ डिसेंबरला सुट्टी नसते. तरी १९७४मध्ये केएफसीनं केलेल्या जाहिरातीनंतर नाताळाला तळलेलं चिकन खाणं ही तिथली 'परंपरा' झाली, बादलीभर चिकनसाठी आगाऊ नोंदणी होते. जगभरच्या झाडांवर लटकणाऱ्या सजावटीचा मोठा वाटा बनतो आणि विकला जातो चीनमधल्या यिवू शहरातून. तिथेही त्या दिवशी सुट्टी नाही.

म्हणजे सणातून देव, गोष्ट, समाज सगळं काढलं तरी खरेदी शिल्लक राहते आणि सण चालू दिसतो. माझा आक्षेप इथे आहे.

भेटींचा हिशोब

अमेरिकी अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं : नाताळात मिळालेल्या भेटी, भावनिक किंमत बाजूला ठेवून, तुमच्या लेखी किती रुपयांच्या, म्हणजे डॉलरच्या? उत्तरांवरून त्यांनी मांडलं, की भेटींवर खर्च झालेल्या रकमेतला १० टक्के ते एक तृतीयांश भाग वाया जातो. मित्रांच्या भेटी नेमक्या बसतात, लांबच्या नातेवाइकांच्या बसत नाहीत. पुढे १९९६मध्ये दुसऱ्या दोन संशोधकांनी भावनिक किंमतही धरली आणि निष्कर्ष उलटा आला : लोकांना भेट तिच्या किमतीहून मोलाची वाटते.

मला दोन्ही बरोबर वाटतात. आयटीतल्या माझ्या पहिल्या नोकरीत 'सीक्रेट सांता' असायचं. ५०० रुपयांची मर्यादा, चिठ्ठीत नाव येईल त्याला भेट. दोन वर्षांत मला तीन मग आणि एक सुगंधी मेणबत्ती मिळाली. देणारे मला ओळखत नव्हते, मी त्यांना नाही. एचआरला फोटो मिळाला. भेट ओळखीतून आली तर तिची किंमत वाढते, सक्तीतून आली तर घटते. इतकं साधं आहे ते. आणि बाजाराचं सगळं बळ ओळख वाढवण्यात नाही, सक्ती वाढवण्यात लागतं.

याची खरी किंमत मुलं मोजतात. 'चांगल्या मुलांना सांता भेट देतो' हे गोड वाक्य वर्गात नीट तपासून बघा. सुट्टीनंतर मुलं एकमेकांना विचारतात, 'तुला सांतानं काय दिलं?' एकाला सायकल, एकीला टॅब, एकाला काहीच नाही. मोठ्यांना ठाऊक असतं की हा फरक पगाराचा आहे. सहा वर्षांच्या मुलाला वाटतं, हा फरक आपल्या वागण्याचा आहे. सांताचा ड्रेस भाड्यानं आणताना ज्या आईला महिनाअखेरचा विचार करावा लागतो, तिच्या मुलाला आपण 'तू पुरेसा चांगला नाहीस' असं सांगतोय. अनेक घरांत येशूची गोष्ट पोहोचत नाही, सांताची यादी मात्र पोहोचते. आणि येशूची गोष्ट तर अशी, की ज्यांना उतरायला जागा मिळाली नाही त्यांचं बाळ गव्हाणीत निजवलं गेलं.

आपल्याकडचा नाताळ वेगळा होता?

'नाताळ' हा शब्दच पाहा. तो 'ख्रिसमस'चं भाषांतर नाही. पोर्तुगिजांच्या 'नाताल'वरून तो आला, आणि त्याच्या मुळाशी जन्म या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'त ही जन्मकथा मराठीत ओवीबद्ध झाली ती १६१६मध्ये. म्हणजे डिकन्स, झाड, सांता यांच्या दोनशेहून अधिक वर्षं आधी हा सण आपल्या भाषेत आला होता.

वसईत आजही अंगणात, चौकात येशूजन्माचे गोठे उभारले जातात, गल्लीतली पोरं त्यासाठी रात्री जागवतात. गोव्यात 'कोन्सुआदा'चं ताट शेजारी जातं : नेवऱ्या, दोदोल, बिबिंका, कुलकुल. ते हिंदू शेजाऱ्याकडेही जातं, आणि चवथीला त्याच्याकडची नेवरी परत येते. नेवरी म्हणजे आपली करंजीच. तिथेही सेल पोहोचलाय, घरी करण्याऐवजी बॉक्स मागवले जातात, हे खरं. पण ताट नेऊन द्यायला माणूस स्वतः जावा लागतो, दार उघडावं लागतं, दोन शब्द बोलावे लागतात. अ‍ॅपनं पाठवलेल्या गिफ्ट कार्डात हे होत नाही.

मग करायचं काय?

'हा आपला सण नाही' म्हणून बहिष्काराची हाक द्यायची आणि अक्षय्य तृतीयेच्या सोन्याच्या रांगेत उभं राहायचं, यात टीका नाही, फक्त दुकान बदललंय. धनत्रयोदशी, राखी, व्हॅलेंटाइन, सगळ्यांना आज तोच साचा लागलाय : काउंटडाउन, ऑफर, हप्ते, अपराधीपणा. नाताळ या साच्याचा सगळ्यात जुना नि सगळ्यात यशस्वी नमुना, म्हणून तो समजून घ्यायचा.

यंदा फॉरवर्ड पुढे पाठवण्याआधी एवढं बघा, की तुमच्या ओळखीतल्या ख्रिस्ती घरी तुम्ही शेवटचे कधी गेला होतात. शाळेत सांता येणार असेल तर सगळ्या मुलांना सारखीच भेट मिळेल, एवढी मागणी पालकसभेत करता येते. ऑफिसात मर्यादा ५०० ऐवजी ५० रुपयांची ठेवा आणि सोबत हातानं लिहिलेल्या चार ओळींची अट घाला. चार ओळी लिहिण्यापुरतं तरी समोरच्याला ओळखावं लागेल, आणि मगांचा खप थोडा घटेल.