चळवळीला स्वतःची संशोधन पत्रिका का हवी?

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातील मुंढव्याच्या चाळीस एकर महार वतनी जमिनीचे प्रकरण बाहेर आले आणि काही दिवस सगळी वर्तमानपत्रे, सगळ्या वाहिन्या ‘वतन’ या शब्दाने भरून गेल्या. वतन म्हणजे काय हे ज्यांना कालपर्यंत ठाऊक नव्हते, ते रात्रीच्या चर्चेत तज्ज्ञ म्हणून बसले. आम्हालाही फोन आले. तालुक्या-तालुक्यांतले कार्यकर्ते विचारीत होते, १९५८ च्या कायद्याने वतने खालसा झाली, मग जमिनी कुणाच्या झाल्या? नवीन व अविभाज्य शर्त म्हणजे काय? आमच्या गावची वतनी जमीन कोणत्या साली, कुणाच्या परवानगीने, किती नजराणा भरून विकली गेली? आणि महाराष्ट्रात अशा किती जमिनी आज मूळ वतनदारांच्या वारसांच्या ताब्यात उरल्या आहेत?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही दिली. ती कायद्याच्या पुस्तकात आहेत. पुढच्या दोन प्रश्नांवर आम्ही गप्प बसलो. इतकेच नव्हे, तर बीडच्या एका कार्यकर्त्याला आम्ही तोच १९५८ चा कायदा ठासून सांगितला आणि दुसऱ्या दिवशी एका वकील मित्राने आमचे कान उपटले. मराठवाडा निजामाच्या राज्यातून आलेला, तेथे इनामे रद्द करणारा हैदराबादचा वेगळा कायदा होता, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. पंचवीस-तीस वर्षे चळवळीत वावरणाऱ्या माणसांची ही कथा! ज्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, त्या प्रश्नावर पुढच्या जवळजवळ शंभर वर्षांत काय घडले हे सांगणारा, कागदपत्रांनिशी तपासलेला एकही मराठी लेख त्या दिवशी आमच्या हाताशी नव्हता.

याचा अर्थ कुणी काम केले नाही असा नाही. काम झाले आहे, पण ते विखुरले आहे. कुणाचा प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खातो आहे. कुणाचा लेख चौदा एप्रिलच्या स्मरणिकेत, मागे-पुढे भावी नगरसेवकांच्या फोटोंच्या मध्ये दबून गेला आहे. सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त तलाठी आमच्या परिचयाचे आहेत. त्यांनी नोकरीत असताना आणि नंतरही बारा गावांचे वतनी जमिनींचे फेरफार स्वतःच्या हाताने वह्यांत उतरवून घेतले आहेत. अशा चार वह्या भरल्या आहेत. त्यांनी त्या कुणाला दाखवाव्यात? विद्यापीठ त्यांना विचारीत नाही, कारण त्यांच्याकडे पदवी नाही. वर्तमानपत्रात त्याला जागा नाही, कारण तो आकड्यांचा तक्ता आहे. साहित्याच्या मासिकाचा तो विषय नव्हे.

हीच ती उणीव आहे. अभ्यासाचा एक लेख छापला जावा, दुसऱ्याने तो वाचून त्यातली चूक दाखवावी, तिसऱ्याने त्याच्या पुढचे काम करावे, असे व्हायला जी जागा लागते ती मराठीत आमच्याकडे नाही. आम्हाला ललित साहित्याची जागा मिळाली. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दलित लेखकांच्या पिढ्या घडविल्या, ते ऋण कुणी नाकारणार नाही. ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘नवभारत’ यांसारख्या नियतकालिकांनी जातिप्रश्नावर गंभीर लेख छापले, हेही आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. विलास वाघांच्या ‘सुगावा’ने तर प्रतिकूल काळात विचारांचे अंक काढले. पण अर्थशास्त्र, कायदा, जमीन, शिक्षण, स्थलांतर, धम्मांतरानंतरचे समाजजीवन यांवरचे आंबेडकरी संशोधन नियमाने छापणारे, जाणकारांकडून तपासून घेणारे मराठी नियतकालिक कोठे आहे?

बाबासाहेबांची ओळख आपण संपादक म्हणून करून देतो. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ ही नावे लहान मुलांनाही पाठ असतात. पण बाबासाहेब हे विद्वत्पत्रिकांचे लेखकही होते, हे आपण विसरतो. कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी त्यांनी वाचलेला भारतातील जातींवरचा निबंध १९१७ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला, तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. १९१८ साली लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरचा त्यांचा लेख आणि बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथाचे त्यांनी केलेले परीक्षण, दोन्ही भारतीय अर्थशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात आले. त्या वेळी ‘मूकनायक’ अजून निघायचा होता. म्हणजे वर्तमानपत्राच्या आधी बाबासाहेबांनी संशोधन पत्रिकेचा मार्ग धरला होता. पुढे साउथबरो समिती असो, चलनविषयक आयोग असो की विधिमंडळ असो, ते भावनेच्या भरात बोलले नाहीत, आकडे घेऊन उभे राहिले. तो वारसा आम्ही भाषणात सांगतो आणि घरी येऊन विसरतो.

‘मग इंग्रजीत आहे ना?’ असे काही मित्र म्हणतात. आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठातून ‘कास्ट’ हे जात आणि सामाजिक बहिष्करणावरचे जागतिक संशोधन नियतकालिक सुरू झाले. लॉरेन्स सायमन आणि आपले डॉ. सुखदेव थोरात हे त्याचे संपादक. ते कुणालाही फुकट वाचता येते. हे फार मोठे काम आहे. जातीचा प्रश्न जगाच्या विद्यापीठांत त्यातून मानाने गेला. परंतु आमच्या निवृत्त तलाठ्याच्या वह्या तेथे कशा पोहोचणार? आणि पोहोचल्या, त्यांवर कुणी उत्तम इंग्रजी लेख लिहिला, तरी तो लेख ज्या बारा गावांबद्दल आहे त्या गावांतला एकही माणूस तो वाचून ‘हे चूक आहे, हा गट नंबर आमच्या चुलत्याचा होता’ असे सांगू शकणार नाही. ज्यांच्याबद्दल संशोधन झाले त्यांना ते तपासता यावे, यासाठी मराठी हवी. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’मध्ये कायदा आणि राजकारण मराठीत समजावून सांगितले तेव्हा दर्जा नव्हता, भाषा मात्र समर्थ होती.

दुसरीकडे आमच्या तरुण संशोधकांचे काय चालले आहे ते पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली आणि मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नावे एकदम वगळली. मग ‘केअर’ यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले. पीएच.डी.साठी शोधनिबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमावलीने काढली खरी, पण प्राध्यापकाच्या मुलाखतीला गेले की ‘निबंध किती छापले?’ हा प्रश्न उभाच आहे. या गोंधळात पैसे घेऊन छापणाऱ्यांचा बाजार भरला. आमच्या ओळखीच्या एका मुलीने, जिचे आईवडील ऊसतोडीला जातात, फेलोशिपच्या पैशातून साडेतीन हजार रुपये भरून एका नियतकालिकात निबंध छापला. तीन दिवसांत स्वीकृतीपत्र आले. तिचा निबंध कुणी वाचला होता काय? मुळीच नाही! छापील प्रतीत तिच्या गावाचे नाव चुकले होते आणि तळटिपा गळाल्या होत्या. दोन वर्षांचे तिचे काम तेथे पुरले गेले. तिने ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या शाळागळतीवर पन्नासावर कुटुंबांत फिरून माहिती गोळा केली होती. तेच काम कुणी नीट वाचले असते, दोन सूचना केल्या असत्या, तर ते शासनाच्या टेबलावर आपटता आले असते.

म्हणून आम्ही काही मित्रांनी, त्यात प्राध्यापक आहेत, वकील आहेत, दोन शिक्षिका आहेत आणि एक बँकेतून निवृत्त झालेले कार्यकर्ते आहेत, अशी सहामाही मराठी पत्रिका काढण्याचे ठरविले आहे. नाव नोंदणीसाठी पाठविले आहे, मंजुरी येईपर्यंत ते येथे छापत नाही. लेखकाकडून एक पैसाही घ्यायचा नाही, हा पहिला नियम. प्रत्येक लेख लेखकाचे नाव झाकून दोन जाणकारांकडे पाठवायचा, हा दुसरा. महाराष्ट्रात आडनाव कळले की जात कळते आणि जात कळली की लेखाची किंमत ठरते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. नाव झाकण्याची पद्धत पाश्चात्त्य विद्यापीठांनी कशासाठी काढली असेल ती असो, तिची खरी गरज आमच्याइतकी कुणालाच नाही. आणि ही पद्धत आमच्या बाजूनेही लागू आहे. लेखक अमुक गटाचा, तमुक नेत्याच्या जवळचा म्हणून त्याचा लेख आत येणार नाही की बाहेर जाणार नाही.

येथेच खरी अडचण आहे आणि ती आम्ही लपवीत नाही. आपल्याच माणसांचे लेख आम्हाला परत पाठवावे लागतील. बाबासाहेबांच्या नावावर आज मोबाईलवरून जी वाक्ये फिरतात, त्यांतली कितीतरी त्यांच्या लेखनात सापडत नाहीत. खंड आणि पृष्ठ दिल्याशिवाय बाबासाहेबांचे एकही वाक्य छापायचे नाही असे आम्ही ठरविले, तेव्हा आमच्याच बैठकीत एक ज्येष्ठ मित्र रागाने उठून गेले. ‘आमच्या बापाचे शब्द आम्हीच तपासायचे का?’ असा त्यांचा सवाल होता. आम्ही म्हणतो, होय, आपणच तपासायचे. १९८७ साली ‘रिडल्स’चा खंड शासनाने काढला आणि त्यातले प्रकरण वगळा म्हणून प्रतिगाम्यांनी गदारोळ केला, तेव्हा बाबासाहेबांचा शब्द न् शब्द जसाच्या तसा छापला पाहिजे म्हणून हा समाज मुंबईच्या रस्त्यावर उतरला होता. वसंत मून यांनी हस्तलिखितांची पाने लावण्यात आयुष्य घालविले. डिसेंबर २०२१ मध्ये या खंडांच्या रखडलेल्या छपाईची बातमी वाचून उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या शब्दांसाठी एवढे लढलो, त्यांत खोटी भर पडू देणे हा कोणता आदर? एखाद्या अभ्यासकाने उद्या दाखवून दिले की चळवळीच्या इतिहासात आपण सांगत आलेली एखादी तारीख किंवा संख्या चूक आहे, तर तेही आम्ही छापू.

पदवी नसलेल्यांसाठी दार बंद असणार नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ साली आले. चळवळीतल्या स्त्रियांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून दोघींनी तो इतिहास उभा केला, आणि आज जगभरचे अभ्यासक त्यावर विसंबून लिहितात. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. त्यांच्या मुलाखती घ्यायला कुणी प्राध्यापकच हवा असे नाही. कोण, कोणत्या तुरुंगात, किती दिवस, घरी मागे काय झाले, एवढे तारीखवार लिहून आणले तरी आम्ही ते मानाने छापू.

‘रस्त्यावरची लढाई सोडून ही पुस्तकी कामे कशाला?’ असा आक्षेप येईल, आलाही आहे. मुंढव्याच्या वेळी रस्त्यावर उतरलेल्यांच्याच हातात कागद नव्हता, हे आम्ही वर सांगितले. राहिला पैशाचा प्रश्न. ‘मूकनायक’ला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, पुढे ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागले आणि तेही पत्र १९२९ साली बंद पडले. आमच्या मागे कुणी शाहू महाराज नाहीत. पण शिकला-सवरलेला, पगारदार असा मोठा वर्ग आज आहे, जो १९२९ साली नव्हता. उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा असे बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात सांगितले होते. आम्ही तेवढाही मागत नाही, वर्षाची वर्गणी मागतो. नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती मात्र घेणार नाही, मग पाने कमी झाली तरी चालतील.

पहिला अंक सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर ठेवायचा विचार आहे. निवृत्त तलाठ्यांचा लेख त्यात यावा अशी आमची फार इच्छा होती. तो दोन जाणकारांकडे पाठविला. एकाने मान्य केला, दुसऱ्याने नऊ शंका काढून परत पाठविला. त्यांतली सर्वांत अवघड शंका अशी की, चार गावांत नजराणा भरल्याची नोंद आहे, पण परवानगीचा आदेश क्रमांक नाही, तो खरोखर नव्हता की उतरवून घेताना राहिला? त्यांना हे कळविले तेव्हा ते आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी त्यांचा फोन आला. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज केला आहे, पहिल्या दोन गावांचे फेरफार सोमवारी मिळतील, तोवर जागा राखून ठेवा, असे म्हणाले.