तीन सारखी रीडिंगं

फर्स्ट इयरची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं आठवतायत? पाण्याचा हार्डनेस, ब्युरेटमध्ये ईडीटीए, फ्लास्कमध्ये एरिओक्रोम ब्लॅक टी. वाइन रेडचा निळा झाला की थांबायचं. पण मधे जो जांभळट रंग येतो तो लाल म्हणायचा की निळा, हे आमच्या बॅचमधल्या चौघांनी चार प्रकारे ठरवलं. माझी रीडिंगं आली ११.२, ११.६ आणि ११.९. जर्नलात काय लिहिलं? तीनदा ११.४! सीबीआर जुळला, पूर्ण मार्क मिळाले. तुम्हीही तेच केलंत, उगाच साळसूदपणा नको.

म्हणून माझं म्हणणं आहे, फ्लास्कसमोर कॅमेरा लावा.

यावर लगेच ऐकवतात, "देवानं डोळे दिलेत ना?" दिलेत की. पण डोळा बघतो आणि विसरतो. व्हिडिओच्या दर फ्रेममधला द्रावणाचा भाग घ्यायचा, लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे काढायचे आणि पहिल्या फ्रेमपासून रंग किती सरकला ते वेळेसमोर मांडायचं. ओपन-सीव्ही फुकट आहे आणि फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यामुळे 'बजेट नाही' हे कारण चालणार नाही. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात मार्क रीड यांच्या गटाने असंच किनेटिकलर नावाचं सॉफ्टवेअर केलंय. पॅलॅडियमचा कॅटॅलिस्ट खराब होऊन काळा पडतो, ते त्यांनी नुसत्या व्हिडिओवरून टिपलं (२०२३). भांड्याला हातसुद्धा न लावता.

आता आमच्या आयटीवाल्यांसाठी. "एआय लावू, सगळं कळेल" हे बंद करा. कॅमेऱ्याला रंग दिसतो, रेणू दिसत नाहीत. रंगहीनातून रंगहीन पदार्थ झाला तर ग्राफ सरळ रेषाच दाखवणार. वर फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स असा आगाऊ, की द्रावण बदललं नाही तरी रंग बदलतो. तो बंद करा, एक्स्पोजर लॉक करा, दिवा एकच ठेवा, शेजारी पांढरा कागद ठेवा. एवढं जमत नसेल तर तुमच्या मॉडेलपेक्षा लिटमस बरा.

पण खरी अडचण तांत्रिक नाहीच. कॅमेरा ११.२, ११.६, ११.९ हेच दाखवेल. मग सर मार्क कशाला देणार? खऱ्या तीन आकड्यांना की खोट्या एकाला? हे आधी ठरवा. ट्रायपॉड मी आणतो.