गिअरबॉक्स गळतोय? आधी जागा शोधा, मग ऑईल घाला



कांदा, टोमॅटो वाहणाऱ्या आपल्या जुन्या ट्रक-टेम्पोखाली ऑईलचा डाग असतोच. "जुनी गाडी आहे, गळणारच" म्हणायचं आणि वरून ऑईल घालत राहायचं, ही आपली रीत. मला ती पटत नाही. ठिबकची नळी फुटली तर आपण भोक शोधतो, मोटर जास्त वेळ चालवत बसत नाही. गाडीलाही तोच न्याय लावा.

आधी ऑईल कुठलं ते बघा. डिझेल इंजिनचं काळं असतं. गिअरचं दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. मग गाडी सपाट जागेवर लावा, चाकांना दगड लावा. गिअरबॉक्स गार असताना डिझेलनं धुवून फडक्यानं कोरडा करा. दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि खाली बॅटरी मारून बघा. ऑईल वाऱ्यानं मागं उडतं आणि खाली ओघळतं. म्हणून थेंब लोंबतोय तिथं गळती असेलच असं नाही. सगळ्यात वरची, पुढची ओली जागा धरा.

आता स्वस्तातली कामं आधी:

१. ब्रीदर. गिअरबॉक्सवरची हवा सोडणारी छोटी टोपी. चिखलानं ती बुजली की तापलेली हवा आत कोंडते आणि चांगल्या सीलमधूनही ऑईल बाहेर ढकलते. साफ करायला पैसा लागत नाही.

२. लेव्हल. ऑईल लेव्हलच्या नटाच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंतच हवं. जास्त भरलं तरी गळतं.

३. ड्रेन नटाचं वायसर आणि कव्हरचे सैल बोल्ट.

एवढं करूनही मागच्या बाजूनं गळत असेल तर सील बदला. पण बदलताना शाफ्ट हातानं हलवून बघा. बेअरिंग किंवा बुश खिळखिळा असेल, नाहीतर सील बसते तिथं फ्लँजवर चर पडली असेल, तर नवं सीलही टिकणार नाही. फिटरला हे विचारायला लाजू नका.

पुढच्या बाजूनं, क्लचच्या हाउसिंगमधून गिअरचं ऑईल येत असेल तर मात्र थांबू नका. ते क्लच प्लेटवर गेलं की क्लच घसरतो, आणि भरलेली गाडी घाटात क्लच घसरून अडकली तर मागच्यांचाही जीव धोक्यात. शिवाय कमी ऑईलवर चालवली तर बेअरिंग आणि गिअर झिजतात. मग सीलचं काम गिअरबॉक्स उघडण्यावर जातं.

ऑईल गाडीच्या पुस्तकातल्या ग्रेडचंच घ्या. जीएल-४ सांगितलंय तिथं डिफरन्शियलचं जीएल-५ ओतू नका. त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतात.

आणि काढलेलं ऑईल ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. ज्या खळ्यावर धान्य वाळवतो, जिथं जनावरं बांधतो, तिथं गळती गाडी उभी करू नका. गाडी जुनी असणं हा दोष नाही. गळती माहीत असून ती तशीच चालवणं हा आहे.